तिसऱ्या बाकावरची बैठक

३ ऑक्टोबर, बुधवार, सकाळ

वन्सं,

प्रभूच्या नावाने सलाम.

तुम्ही बऱ्या असाल असं लिहायची रीत आहे. नऊ वर्षं मी तुम्हाला काही विचारलेलं नाही, तेव्हा आज एकदम विचारलं तर तुम्हाला हसू येईल. तरी विचारते. गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेता का? नर्स माणसं दुसऱ्याला गोळी घड्याळ बघून देतात आणि स्वतःची विसरतात, असं हे नेहमी म्हणायचे.

अक्षर ओळखलं असेल. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, ओळीत मावत नाही. पूर्वी वाचायलाही बोट लागायचं. हे लायब्ररीतून पुस्तकं आणायचे आणि म्हणायचे, "बोट लाव, पण वाच." ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता पुस्तक आणायला मीच जाते. बोट अजून लावते.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे चालू आहे. मी अजून हॉस्पिटलच्या कपडेखोलीतच आहे. नवीन पोरींना मशीन चालवता येतं पण चादर वळवता येत नाही, म्हणून मला ठेवलंय. तुम्ही वॉर्डात जन्म काढलात, पण चादर वळवणं तुम्ही पाहिलं नसेल. चादर मधोमध विरते, जिथे माणूस पडून असतो तिथे. कडा मात्र नव्यासारख्या राहतात, गादीखाली खोचलेल्या असतात ना. मग चादर मधून उभी फाडायची, दोन्ही कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला टाकायचा. चादर आणखी दोन वर्षं जाते. मध्ये शिवण येते, ती पाठीला टोचते, पण पेशंट सहसा बोलत नाहीत. दिवसाला बारा होतात माझ्या. पूर्वी वीस व्हायच्या. हल्ली खुर्चीतून उठताना टेबलाला हात टेकावा लागतो, आणि घरी आल्यावर चप्पल काढायला वाकले की वाटतं, आता इथेच बसावं. पण बसत नाही. बसले की घर फार मोठं वाटतं.

लेकीचा रविवारी फोन आला होता. ती आणि जावई आठ दिवस सुट्टीवर गेले होते. डोंगर बघितले, तळं बघितलं, सगळ्याचे फोटो काढले. म्हटलं, आराम पडला का? तर म्हणाली, "कसला आराम आई, रोज सहाला उठायचं, नाहीतर सगळं बघून कसं होणार?" ऑफिसचा फोनही उशाशी होता म्हणे. आता सुट्टीचा शीण काढायला तिला दोन दिवस सुट्टी हवी आहे. मी हसले. मग माझंच मला वाटलं, हसतेस काय, पोर तुझीच आहे.

तिनेच सांगितलं, तुम्ही निवृत्त झालात. महिनाअखेर क्वार्टर सोडायची आहे आणि निवृत्त नर्सांच्या आश्रमात तुम्ही नाव घातलं आहे. "आत्याला एक खाट आणि एक कपाट मिळणार," असं म्हणाली आणि फोन ठेवला. 

मला त्याबद्दलच लिहायचं होतं. म्हणजे त्याबद्दल आणि आणखी एका गोष्टीबद्दल. पण आठ वाजत आले, मशीनवर जायला हवं. पत्र टेबलावर ठेवते, वर मिठाची बाटली ठेवते.

गुरुवार, संध्याकाळ

कालचं वाचून पाहिलं. चादरीबद्दल पान भरलंय आणि जे लिहायचं त्याची एक ओळ नाही. फाडून टाकणार होते, पण कागद चांगला आहे.

चर्चच्या मंडळीतली एक बातमी सांगते. पाळकसाहेबांनी मला काढून टाकलं. काढून टाकलं असं ते म्हणत नाहीत, "विश्रांती दिली" म्हणतात. हे गेल्यापासून मी मंडळीची सगळी कामं ओढून घेतली होती. वेदीवरची कापडं धुणं, इस्त्री करणं, गुडघे टेकायच्या गाद्या शिवणं, आजाऱ्यांना भेटणं, फुलं, चहाचे कप. सहा दिवस हॉस्पिटल आणि सातव्या दिवशी देऊळ. लोक म्हणायचे, बाईंची सेवा बघा. मलाही ऐकायला गोड लागायचं, उगाच खोटं का बोलू.

गेल्या महिन्यात प्रार्थनेला उभी होते आणि झोक गेला. पडले नाही, पुढच्या बाकाला धरलं. उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. वयाने माझ्या लेकीएवढे आहेत. म्हणाले, "बाई, एक महिना मंडळीचं काहीही करायचं नाही. रविवारी नुसतं यायचं आणि बसायचं."

म्हटलं, "माझं काही चुकलं का?"

"चौथी आज्ञा चुकतेय तुमची."

मी त्यांना सोडते का. म्हटलं, "साहेब, ती आज्ञा मी बोट लावून वाचली आहे. शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशी, कुणीकुणी काम करायचं नाही त्याची तिथे यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा चाकर, तुझी चाकरीण, तुझी गुरंढोरं, तुझ्याकडे उतरलेला परका माणूस. बैलाची आठवण ठेवली आहे, पण बायकोचं नाव त्यात नाही. आता कुणीतरी ह्या सगळ्यांना जेवायला वाढायला हवंच की."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "यादी 'तू'पासून सुरू होते, बाई. तुम्ही पहिला शब्दच सोडून वाचलात."

मग म्हणाले, देव सातव्या दिवशी थांबला तो थकून नव्हे. देव थकतो का? त्याने बघितलं, चांगलं झालंय म्हणाला आणि हात काढून घेतला. "तुम्ही कधी कशाला पुरे म्हणाला आहात का?"

मला इतका राग आला, वन्सं. चोवीस तास जीव आटवायचा आणि वर कोवळ्या पोराने यावं शिकवायला. घरी येऊन मी भांडी दोनदा घासली.

तुम्हाला ठाऊक आहे मी कुठे वाढले ते. अनाथाश्रमात रिकामा हात दिसला की त्यात झाडू यायचा. आजारी पडलं तरी अंथरुणात बसून बटणं लावायला द्यायच्या. वाईट नव्हत्या त्या बाया, साठ पोरी सांभाळायच्या होत्या त्यांना. पण तो झाडू मी लग्न करून तुमच्या भावाच्या घरात घेऊन आले. हे सहा दिवस कारखान्यात लेथवर उभे असायचे. सातव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला माझी यादी टांगलेली असायची. माळा साफ करा. नळाचा वायसर बदला. खिडकीला रंग. हे एक शब्द बोलायचे नाहीत. यादी काढायचे, चष्मा लावून वाचायचे आणि कामाला लागायचे. खुर्चीत टेकलेले दिसले की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "बसलाच आहात तर..."

तुम्ही एकदा म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या घरात खुर्च्या कशाला आहेत?" मी ते मनाला लावून घेतलं होतं.

आज एवढंच. डोळे चुरचुरतात. उद्या कपडेखोलीत जास्तीचं काम आहे, लिहिणं होणार नाही. शनिवारी नक्की लिहीन, आता टाळणार नाही.

शनिवार, ६ ऑक्टोबर, दुपार

वन्सं, उशी सापडली.

हे पत्र ह्याच ओळीने सुरू व्हायला हवं होतं. तीन दिवस मी तिच्याभोवती झाडलोट करत होते.

तुमच्या आईची ती लहान उशी. शेवरीच्या कापसाची, निळ्या काठाची, एका कोपऱ्याला इस्त्रीने करपलेली. करपवली होती मीच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि तुमच्या आई मला काहीही बोलल्या नव्हत्या. कोपरा बघितला आणि ओळखली.

कशी सापडली ते सांगते. गेल्या शनिवारी मी किल्ल्या परत द्यायला देवळात गेले होते. पाळकसाहेबांच्या मागच्या खोलीत मोठं कपाट आहे, त्यातलं माझं सामान काढायचं होतं. सुया, दोरे, इस्त्रीचं कापड. सुट्टी दिली ह्या रागात मी कुणी न सांगता कपाटच साफ करायला काढलं. म्हटलं, जाताना दाखवून जाऊ. सगळ्यात खालच्या फळीवर जुनी गीतपुस्तकं होती, त्यांना कुणी हात लावत नाही. ती बाहेर काढली तर मागे उशी. वर स्वच्छ पंचा पसरलेला.

घंटा वाजवणारे म्हातारे काका तुम्ही पाहिले आहेत. सगळी मंडळी त्यांना घंटाकाका म्हणते. ते बाहेर मेणबत्त्यांचं मेण खरवडत बसले होते. मी उशी घेऊन बाहेर आले. त्यांनी उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चाकू खाली ठेवला.

"काका, ही इथे कशी?"

"त्यांची आहे ती. काढायला हात होईना माझा."

"ते इथे उशीचं काय करायचे?"

"उशीचं काय करतात बाई माणसं?"

म्हटलं, "रविवारी दुपारी तर पुरुषांची बैठक असायची ना इथे? दोन ते पाच?"

"असायची की. दोनच सभासद. ते तिसऱ्या बाकावर आडवे, मी दाराशी स्टुलावर. आडवी बैठक म्हणायचो आम्ही तिला. सुरुवात प्रार्थनेने व्हायची. 'प्रभू, तिला कळू देऊ नकोस.' आमेन म्हटलं की घोरायला लागायचे." काका हसायला लागले आणि माझा चेहरा बघून थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "सात वर्षं, बाई. एक रविवार चुकला नाही. पाचला मी चहा घेऊन उठवायचो. उठले की दहा मिनिटं नुसते बसायचे. चेहरा असा धुतल्यासारखा दिसायचा."

मी त्या बैठकीचं कौतुक सगळ्या बायकांना सांगितलं होतं. आमच्या ह्यांना प्रार्थनेची भारी ओढ, असं. घरी आल्यावर विचारायचे, आज कशावर बोलणं झालं? हे म्हणायचे, "आज जरा खोलवर गेलो." आणि मी समाधानाने रात्रीच्या जेवणाला लागायचे.

माझ्या नवऱ्याला अंग टाकायला स्वतःच्या घरात जागा नव्हती. देवाच्या घरात जाऊन झोपायचे, तेही लपून. हे वाक्य मी सात दिवस मनात फिरवते आहे. आज कागदावर आलं.

आता उरलेलं.

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही ऑपरेशननंतर पंधरा दिवस आमच्याकडे राहिलात. टाके सुटून आठवडा झाला नव्हता आणि मी तुमच्यापुढे मटार सोलायला ठेवले होते. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी ह्यांना म्हणालात, "दादा, आईची उशी मला दे ना रे." थट्टेत म्हणालात. तुम्ही गेलात आणि उशी दिसेना. मी घर पालथं घातलं. मग कार्ड लिहिलं. साधं, उघडं कार्ड, कारण पाकीट आणायला जाण्याइतकाही मला धीर नव्हता. काय लिहिलं ते तुम्हाला पाठ असेल, मलाही आहे. "गेलात ते गेलात, आईंची उशीही नेलीत. निदान विचारायचं तरी. दुसऱ्याच्या घरातून वस्तू उचलताना लाज वाटायला हवी होती." ते कार्ड तुमच्या हॉस्पिटलच्या टपालाच्या फळीवर दिवसभर पडलं असेल. मेट्रनने वाचलं असेल, शिकाऊ पोरींनी वाचलं असेल.

तुमचं उत्तर आलं, तीन शब्दांचं. "उशी माझ्याकडे नाही." त्यानंतर तुम्ही आला नाहीत. ह्यांच्या मातीला आलात, मागे उभ्या राहिलात आणि घरात पाण्याचा घोट न घेता परत गेलात. मी तेव्हाही मनात म्हटलं, तोंड कसं दाखवील. बघा मी कशी आहे.

सुरुवातीला मला ह्यांचा राग आला. तुमच्यासमोर कशाला लपवू. एका झोपेपायी सख्ख्या बहिणीवर चोरीचा आळ राहू दिला आणि तोंडातून ब्र काढला नाही! गेल्या शनिवारी संध्याकाळी मी उशी घरी आणली आणि रागानेच धुवायला म्हणून अभ्रा काढला. आतून चिठ्ठी पडली. चारदा घडी घातलेली, घड्यांवर विरलेली. अक्षर तुमचं.

तुम्ही ह्यांना देवळाच्या पत्त्यावर लिहिलं होतं. ती चिठ्ठी इथे उतरवते. तुमचीच आहे, पण नऊ वर्षांत तुम्ही विसरला असाल.

"दादा, उशी तू देवळात नेलीस हे मला कळवलंस ते बरं केलंस, पण तिला काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती उशी घरी नेईल आणि उशीपाठोपाठ तुलाही. तुझी नाडी मी तिथे असताना दोनदा स्वतः बघितली आहे, ठोके चुकतात. तुला झोप हवी आहे. ती काळजीत पडली की आणखी कामं काढते, हे तुला माहीत आहे. उशीचा आळ माझ्याकडे राहू दे. मी लांब असते, मला तो जड नाही. वहिनी वाईट नाहीत रे. त्यांना बसायला कुणी शिकवलं नाही, एवढंच."

वन्सं, मला रडू येत नाही फारसं. हे गेले तेव्हाही लोकांना वाटलं, बाई कठीण आहे. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले होते, एका हातात अभ्रा, दुसऱ्या हातात चिठ्ठी, आणि किती वेळ बसले मला माहीत नाही. गॅसवर काही नव्हतं. हातात सुई नव्हती.

अभ्रा धुतला नाही. घरातली एवढी एकच वस्तू न धुतलेली आहे.

ह्यांच्या नाडीचं मला कुणी सांगितलं नाही हे बरं झालं की वाईट, मी ठरवू शकत नाही. मला कळलं असतं तर मी ह्यांना झोपवलं असतं, आणि दर अर्ध्या तासाने उठवून विचारलं असतं, बरं वाटतंय का. ते सात वर्षं राहिले. ती सात वर्षं तुम्ही दिलीत, आणि त्याबद्दल माझ्याकडून तुम्हाला एक कार्ड मिळालं.

जड नव्हता म्हणता. मग पाणी का घेतलं नाहीत?

रविवार, ७ ऑक्टोबर, दुपारचे तीन, देवळातून

आज शिवण आणली नाही. पिशवीत फक्त उशी, हे पत्र आणि पेन आहे. काकांनी दार उघडून दिलं, काही विचारलं नाही, आपलं स्टूल घेऊन दाराशी बसले. मी तिसऱ्या बाकावर आहे. बाक ह्यांच्या उंचीला आखूडच आहे, पाय दुमडत असतील.

सकाळी उपासनेत नावेचा उतारा वाचला. वादळ उठतं, नावेत पाणी भरतं, शिष्यांची धांदल उडते आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. हा उतारा मी शंभरदा ऐकला असेल. आज घरी जाऊन बोट लावून बघितलं. बायबलात ही गोष्ट तिघांनी लिहिली आहे, पण उशी एकानेच लिहिली. बाकी दोघांना ती लिहिण्यासारखी वाटली नाही. ज्याने लिहिली त्याचे मला पाय धरावेसे वाटले. प्रभूलाही उशी लागली होती, वन्सं. दिवसभर लोकांचं करून तो इतका दमला होता की वादळातही त्याला जाग आली नाही, आणि बापावर त्याचा इतका भरवसा होता की झोपताना त्याने कुणाची परवानगी काढली नाही.

शिष्य त्याला हलवून काय म्हणतात? आम्ही इथे बुडतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही? ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. "इथे घर पडायला आलंय आणि तुम्हाला आहे का काही त्याचं?" घर पडायला आलं नव्हतं. माळ्यावर धूळ होती.

मी समजत होते, मी थांबले तर सगळं थांबेल. देवाचंसुद्धा. तीन आठवडे झाले, वेदीवरची कापडं दुसऱ्या बाई धुतात. नीट धुत नाहीत, कडांना पिवळेपणा राहतो. तरी उपासना होते.

आता कामाचं. काम म्हणजे सवयीने लिहिलं गेलं.

मागची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे, खाट लोखंडी पण गादी चांगली आहे, आणि चादर माझ्या हातची, न वळवलेली, अख्खी. तुम्ही आश्रमात जाऊ नका. इकडे या. महिनाअखेरीला तीन आठवडे आहेत, तोवर विचार करा. मला दया आली म्हणून बोलावत नाही. मला बसायला शिकवणारं कुणीतरी हवं आहे, आणि ते मला येत नाही हे ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

मी बदलले आहे असं मात्र लिहिणार नाही. आल्या दिवशी मी तुमच्या हातात काहीतरी सोलायला देईन. तेव्हा तुम्ही नुसतं "यादी" म्हणा, मी समजेन. दारामागचा खिळा काल उपटून काढला. भोक राहिलंय, ते बुजवणार नाही.

उशी पार्सलने पाठवणार नाही. ती तुमची आहे, पण घ्यायला यावं लागेल.

आणखी एक. आळ मी उघड्या कार्डावर घेतला होता, तेव्हा माफी बंद पाकिटात मागणं बरोबर नाही. ह्या पाकिटाबरोबर एक कार्डही टाकते आहे, वेगळं. त्यावर लिहिलंय: "उशी सापडली. ती वन्संनी नेली नव्हती. मी खोटा आळ घेतला. मला क्षमा करा." अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलंय. पोस्टमनने वाचावं, मेट्रनने वाचावं, टपालाच्या फळीपाशी ज्या कुणी उभ्या असतील त्या सगळ्यांनी वाचावं. तुम्ही ते लगेच उचलू नका. दिवसभर तिथेच पडू द्या.

उशी मांडीवर आहे. आठ दिवस घरात होती पण डोकं ठेवायचा धीर झाला नाही. वाटतं, ही माझी नाही, माझ्यापासून लपवायची म्हणून तर इथे आणली होती. पण काका तिकडून म्हणतात, "बाई, बैठकीत लिहीत नसतात." म्हातारा आगाऊच आहे. बघते जरा टेकून. ह्या बाजूला ऊन येत नाही, आणि वर पंख्याचा आवाज एकसारखा, लेथसारखा, त्यामुळेच ह्यांना इथे

पाच वाजून गेले.

वर "इथे"पासून पानाच्या खालपर्यंत वाकडी रेघ गेली आहे, ती बघा. ती मी मारलेली नाही. लिहिता लिहिता डोळा लागला आणि पेन आपलं आपण गेलं. पेन बाकाखाली सापडलं. गालावर उशीच्या काठाचा वळ आहे असं काका म्हणाले. चहा आणून ठेवला होता, वर बशी झाकलेली. म्हटलं, पाचला उठवायचं नाही का? तर म्हणाले, "नवीन सभासद आहे, म्हटलं आजचा दिवस राहू दे."

स्वप्न पडलं नाही. हे दिसले नाहीत. मला वाटलं होतं, इथे झोपले तर दिसतील. नुसती झोप लागली. त्यांनाही इथे एवढंच मिळत असणार, आणि ते पुरत असणार. उठल्यावर मी दहा मिनिटं तशीच बसून राहिले, चहा निवाला तरी.

पूर्वीची मी असते तर एवढी रेघ पडलेलं पान फाडून पुन्हा नीट लिहून काढलं असतं. हे असंच पाठवते.

दुपारच्या गाडीने या. दार वाजवू नका, कडी काढलेली असेल, आणि मी बसलेली असेन.

नऊ वर्षांनी हात रिकामे करून,
तुमची वहिनी